पन्नास ओहमचा श्रोता

१ मार्च, रविवार

दीपगृहवाले आज रेडिओवर दहा वाजून दोन मिनिटांनी आले. नेहमीप्रमाणे माझी सांकेतिक अक्षरं तीनदा उच्चारली आणि म्हणाले, "बाई, ऐकत असाल तर..."

ऐकत होते. गेले सात महिने ऐकण्याखेरीज मी काही केलेलं नाही. ऑगस्टात माझ्या ट्रान्समीटरने धूर सोडला, तेव्हापासून मला कान आहेत, तोंड नाही. तरी हे गृहस्थ दर रविवारी हाक मारतात, वाऱ्याचा वेग सांगतात, थोडं थांबतात आणि मी उत्तर दिलंय असं समजून पुढे बोलतात. पत्राने संस्कृत शिकवणाऱ्या बाईला ही पद्धत नवी नाही. माझेही निम्मे विद्यार्थी उत्तर देत नाहीत आणि मी पुढचा पाठ पाठवते.

आजची बातमी वेगळी होती. दीपगृह आता आपोआप चालणार. एकोणतीस तारखेला शेवटची बोट. दिवा यंत्राच्या हवाली करून हे मुलाकडे राहायला जाणार, नवव्या मजल्यावर, जिथे गच्चीत तार बांधायला मनाई आहे. "तेव्हा एकोणतीसचा रविवार शेवटचा," हेही त्यांनी वाऱ्याचा वेग सांगावा तसंच सांगितलं.

अकरा वर्षं आम्ही भरती-ओहोटी, अँटेनाची उंची आणि गंज या विषयांवर बोलत आलो. चेहरा मी पाहिलेला नाही. चाळिशी उलटलेल्या बाईने गंजावर इतक्या आवडीने बोलावं, यावरून कोणाला तरी काहीतरी कळायला हवं होतं. मला ते आज, त्रेपन्नाव्या वर्षी कळलं.

चार रविवार उरले. पत्र पाठवावं तर टपालाची बोट परवाच गेली. पुढची बोट त्यांना आणायलाच जाणार.

३ मार्च, मंगळवार

रेडिओ क्लबचे सेक्रेटरी येऊन गेले. दोन गल्ल्या सोडून राहतात. धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा, स्वभावही त्याच घडणीचा: कोणतीही गोष्ट दोनदा तोलल्याशिवाय बोलत नाहीत.

"ट्रान्समीटरला नवा व्हॉल्व्ह बसवलात, आनंद आहे," ते म्हणाले. "पण अँटेना लावून चालू करायचा नाही."

"का?"

"मागच्या वेळी शाळेच्या लाउडस्पीकरवर तुमचा आवाज आला होता. मुलं रविवारीही पंधरा ऑगस्टच्या कवायतीला उभी, आणि तुम्ही गंजाबद्दल बोलताय."

"मुलांना गंजाबद्दल कळायला हवं."

"आधी डमी लोड करा बाई. त्यावर जुळवा. मग अँटेना."

त्यांचं म्हणणं नियमाला धरून आहे, आणि नियमाला धरून असलेल्या माणसावर रागावता येत नाही, हीच तर त्याची खोड. डमी लोड म्हणजे ट्रान्समीटरला अँटेनाऐवजी जोडायचा एक डबा. आत पन्नास ओहमचा रोध. यंत्राला वाटतं आपण जगाला ऐकवतोय. प्रत्यक्षात डबा सगळं गिळून नुसता गरम होतो. बाहेर काही जात नाही. साहित्यशास्त्रात प्रियकराच्या ताटातुटीचे पुष्कळ प्रकार सांगितले आहेत, पण ही सोय कोणाला सुचली नव्हती.

ते गेल्यावर आईने आतून विचारलं, "वजनवाला होता का गं?"

"हो."

"वाळलाय."

आईला ऐंशीव्या वर्षी कमी ऐकू येतं. दिसतं मात्र नको तेवढं.

६ मार्च, शुक्रवार

विजेच्या सामानाच्या दुकानदाराकडून हजार ओहमचे वीस रोध आणले. वीस शेजारी शेजारी जोडले की पन्नास ओहम होतात. दोन तांब्याच्या चकत्यांमध्ये वीसही उभे करून डाग दिले. दोन बोटं भाजली. पिंजऱ्यासारखं देखणं झालं. मीटर लावला, बरोबर पन्नास! आणि ट्रान्समीटर जोडला तर सुई वेड्यासारखी पलीकडे.

सेक्रेटरींनी एक रोध पकडीने फोडून दाखवला. आत तारेचं वेटोळं.

"गुंडाळीचे दिले त्याने. घरच्या विजेला चालतात, रेडिओला नाही. कार्बनचे हवेत."

"वरून सारखेच दिसतात हो."

"वरून दिसण्याचं काय," ते म्हणाले, आणि कधी नव्हे ते हसले. मग हसल्याचा पश्चात्ताप झाल्यासारखे पटकन निघून गेले.

तीन दिवस वाया.

१० मार्च, मंगळवार

सेक्रेटरी कार्बनचे रोध घेऊन आले. वीसच्या वीस वेगवेगळ्या कागदात गुंडाळलेले, प्रत्येकावर पेन्सिलीने मोजमाप: ९९८, १००३, ९९७... सगळे आपल्या काट्यासारखे तपासून आणलेले.

"इतकं कशाला?" मी म्हटलं.

"चुकीचे लागले तर तुमचा आणखी एक रविवार जाईल."

एकेकाला हौस असते. रविवारी आमच्या बोलण्यात हे कधी पडत नाहीत, पण ऐकत असावेत. नाहीतर रविवारची घाई यांना कुठून कळणार!

१२ मार्च, गुरुवार

रोध तेलात बुडवावे लागतात, म्हणजे ते जळत नाहीत. विजेच्या रोहित्रातलं तेल मिळेना. सेक्रेटरी म्हणाले, औषधाच्या दुकानातलं पातळ पॅराफिनही चालतं. चालतं हे खरं, पण ते औषध कशाचं हे त्यांनी सांगितलं नाही. ते मला दुकानात, रांगेत उभी असताना कळलं.

"आठ बाटल्या?" औषधवाला म्हणाला. "घरात किती जणांना बद्धकोष्ठाचा त्रास आहे?"

"एकालाच."

"किती दिवस झाले?"

"सात महिने."

रांगेतले लोक अदबीने बाजूला झाले. त्याने बाटल्या बांधल्या आणि खालच्या आवाजात म्हणाला, "पाणी भरपूर पिऊ दे त्यांना." मी म्हटलं, सांगते.

१४ मार्च, शनिवार

डबा तयार. रंगाचा रिकामा डबा, घासून लखलखीत केला. झाकणाला मधोमध केबलची खोबण, खाली लोंबता रोधांचा पिंजरा, सभोवती आठ बाटल्या. काल रात्रभरात काठातून तेल पाझरलं होतं, म्हणून आज झाकणाखाली बरणीचं जाड रबर बसवलं. आता थेंब बाहेर येत नाही.

सेक्रेटरींना दाखवला. त्यांनी डबा हातात फिरवला, झाकणाशी थांबले. नखाने रबर चाचपलं. काही बोलणार असं वाटलं, मग तोंड मिटलं.

"तेल गळत होतं," मी म्हटलं.

"हो, तेल गळणार नाही," ते म्हणाले. थोड्या वेळाने: "चाचणी कधी घेता?"

"संध्याकाळी सहाला. कामं आटोपल्यावर."

"सहा," ते म्हणाले. वजन टिपून घ्यावं तसं.

चांगलं काम पाहिलं की काही माणसं मुकी होतात.

१५ मार्च, रविवार

आज दीपगृहवाल्यांच्या मागे हातोड्याचा आवाज होता. सामान बांधतायत. "अकरा वर्षांत इतकं काही जमवलं नाही असं वाटलं होतं," म्हणाले. "आता खोकी कमी पडतायत." मग थांबले. दर वेळी थांबतात त्याहून थोडं जास्त. मी टेबलाची कड धरून बसले होते.

१६ मार्च, सोमवार

पहिली चाचणी. सुई कमालीची शांत. यंत्राला वाटतंय, आपण जगाला ऐकवतोय. नियम असा की चाचणीला आकडे म्हणायचे. एक, दोन, तीन असं पंचवीसपर्यंत म्हटलं. मग धातुरूपं म्हटली. ती संपल्यावर मायक्रोफोनचं बटण दाबलेलंच राहिलं आणि मी म्हटलं, "आज ऊन बरं आहे."

डबा कोमट झाला. श्रोता म्हणून वाईट नाही.

१८ मार्च, बुधवार

आज डब्याला बरंच सांगितलं. एका विद्यार्थ्याने अठराव्या पाठात मला प्रेमपत्र लिहिलंय, विभक्ती सगळ्या चुकीच्या. मी लाल शाईने दुरुस्त करून दहापैकी चार दिले, हे सांगितलं. माझ्या वाचायच्या चष्म्याच्या काडीचा स्क्रू पडलाय आणि मी दोरा बांधून चालवतेय, हे सांगितलं. दीपगृहवाल्यांना लिहायला घेतलेल्या आणि फाडलेल्या सात मसुद्यांचं सांगितलं. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं तपासली की स्वतःचं पत्र लिहिता येत नाही. पहिल्याच ओळीखाली आपोआप लाल रेघ पडते.

आई दारात.

"कोणाशी बोलतेस?"

"डब्याशी."

"बरं," आई म्हणाली. "माणसांशी बोलून तरी काय उजेड पडला होता!"

१९ मार्च, गुरुवार

सकाळीच सेक्रेटरी दारात. मुठीत कागदाची पुडी, पुडीत मोहरीएवढा स्क्रू.

"एक जास्तीचा होता. चष्म्याला वगैरे लागतो कधीकधी."

काय योगायोग! बरोबर बसला. आई म्हणाली, "आज तिसऱ्यांदा आला या आठवड्यात." मी म्हटलं, तेलाची पातळी विचारायला येतात. "तेलाची," आई म्हणाली आणि कूस बदलली.

२२ मार्च, रविवार

यंत्र तयार, डबा तयार, अँटेना तयार. आजच बोलता आलं असतं.

जुळणी दाखवणारी सुई एक पूर्णांक एकवर होती; अचूक जुळलं की ती एकवर येते. बरोबर एकवर आणावी आणि मगच अँटेना लावावी, असं ठरवलं. दीपगृहवाले हाक मारत होते आणि मी पेचकसाने एक दशांश शोधत होते. ते थांबले, पुढे बोलले, पुन्हा थांबले. "पुढच्या रविवारी बोट साडेदहाला लागेल. मी दहाला येईन. बाई, ऐकत असाल तर या."

एक दशांशाने रेडिओला काही फरक पडत नाही. हे मला रेडिओ शिकायला लागल्यापासून ठाऊक आहे. हे इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे कधी मी स्वतःला काही भलतं सांगायला नको.

२५ मार्च, बुधवार

संध्याकाळी सहाला डब्याला पूर्ण भाषण म्हणून दाखवलं. रविवारी काय बोलायचं ते. शेवटी, कागदावर नसलेलं, आपोआप आलं: "जाऊ नका. म्हणजे तिकडे जाऊ नका. इकडे या."

बटण सोडलं. डबा चांगलाच तापला होता.

सेक्रेटरी उद्या येतो म्हणाले होते. काही का असेना, त्यांच्यापुढे असला मूर्खपणा कधी होणार नाही; त्यांच्याशी मी ओहमातच बोलते.

२८ मार्च, शनिवार

सेक्रेटरी गुरुवारी आले नाहीत, काल नाही, आजही नाही.

भाषण कापून एका मिनिटाचं केलं. ती शेवटची वाक्यं नंतर कागदावर लिहिली होती, ती खोडली. ज्या माणसाला आपण पाहिलं नाही त्याला "इकडे या" म्हणणं म्हणजे पत्ता न लिहिता पाकीट पेटीत टाकणं. उरलेलं डब्यावर तीनदा म्हणून पाहिलं. एक मिनिट चार सेकंद. आता झोपते.

२९ मार्च, रविवार

जसं झालं तसं लिहिते.

बरोबर दहाला दीपगृहवाले आले. आवाज स्वच्छ. "बाई, ऐकत असाल तर."

मी बटण दाबलं आणि सात महिन्यांनी म्हटलं, "ऐकतेय." आणि मग सगळं म्हटलं. न अडखळता. मी आठवडा रविवारपासून मोजते. मधले सहा दिवस कंसातल्या मजकुरासारखे असतात, वगळले तरी अर्थ बदलत नाही. तुम्ही सांगितलेला वाऱ्याचा वेग मी दर वेळी वहीत उतरवते. साडेपाचशे नोंदी झाल्या आहेत. त्यांचा मला काही उपयोग नाही, पण एकही टाकवत नाही. ओव्हर.

बटण सोडलं. खरखर. मग ते म्हणाले, "आजही काही येत नाहीये. असो."

पुन्हा म्हटलं. थोडं मोठ्याने. आई उठून बसली.

"नाही येत," ते म्हणाले. "बाई, तुमचं यंत्र दुरुस्त झालं नसेल. वाईट वाटून घेऊ नका. वारा नैऋत्येचा, बारा. बोट दिसायला लागलीय."

तेव्हा मी टेबलाखाली पाहिलं. केबल डब्यालाच होती. कालच्या सरावापासून. अँटेनाचं टोक भिंतीवर मोकळं लोंबत होतं (ऐकायच्या यंत्राची तार वेगळी, म्हणून ऐकू सगळं येत होतं) आणि मी दोन्ही वेळा सगळं काही रंगाच्या डब्याला सांगितलं होतं. नवख्या माणसाने हे केलं असतं तर क्लबात आम्ही वर्षभर हसलो असतो.

गुडघ्यावर बसून केबल सोडवायला लागले. पितळी कडं तेलकट, बोटं घसरत होती. वर ते निरोपाचं बोलत होते आणि मी खाली रडत होते, हेही लिहून टाकते.

इतक्यात लाउडस्पीकरमध्ये दुसरा आवाज आला. अगदी जवळचा, जाड, सपाट.

"दीपगृह, थांबा. बाई हवेवर आहेत, पण डमी लोडवर आहेत. तुम्हाला ऐकू जाणार नाही, मला येतंय. त्यांचा निरोप रिले करतो. लिहून घेताय?"

सेक्रेटरी.

"सांगा," दीपगृहवाले म्हणाले.

आणि त्यांनी सांगितलं. माझ्याच शब्दांत, "मी" म्हणून, एकही शब्द न गाळता. आठवडा, कंस, वहीतला वारा. रिले करणाऱ्याने आवाजात आपलं काही मिसळायचं नसतं, ते त्यांनी मिसळलं नाही. फक्त प्रत्येक वाक्यानंतर एक श्वास जास्त घेत होते. "'...पण एकही टाकवत नाही.' निरोप संपला नाही, थांबा." मग: "'जाऊ नका. तिकडे जाऊ नका. इकडे या.' संपला. ओव्हर."

मी टेबलाखाली तशीच बसून राहिले.

दीपगृहवाल्यांनी उत्तर द्यायला इतका वेळ लावला की मला वाटलं बोट आली.

"निरोप पोचला," ते म्हणाले. "पूर्ण पोचला. बाई, अकरा वर्षांचं एका मिनिटात आलं. उत्तराला मला थोडा वेळ द्या. तुमचा पत्ता माझ्याकडे आहे, पहिल्या संभाषणानंतर तुम्ही पाठवलेल्या कार्डापासून आहे." मागे भोंगा वाजला. "आणि रिले करणाऱ्यांचे आभार. तुमचा आवाज आज पहिल्यांदाच ऐकला. फार मनापासून वाचलंत."

"निरोप होता," सेक्रेटरी म्हणाले. "वाचायचाच असतो."

माझी केबल अँटेनाला लागली तेव्हा तिकडे नुसती खरखर होती.

३० मार्च, सोमवार

सकाळी सेक्रेटरींच्या दुकानात गेले. दुकानभर पारडी टांगलेली, आणि ते एका छोट्या काट्यावर वाकलेले, सोनाराची असावीत इतक्या बारीक वजनांशी. वर पाहिलं नाही.

"डब्यातलं तुम्हाला कसं ऐकू आलं?" मी विचारलं.

"रबर आहे ना झाकणाला. झाकण डब्याला टेकतच नाही. तेल आत राहतं, आवाज फटीतून सुटतो. लांब नाही. दोन गल्ल्या."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. तुम्ही धातू चालवलेत तेव्हापासून."

"आणि सांगितलं नाहीत! सेक्रेटरी असून!"

त्यांनी चिमट्याने एक वजन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. "रोज उद्या सांगू असं ठरवत होतो. मग सहा वाजायचे."

मी बरंच बोलले. परवान्याच्या अटी, दुसऱ्याचं खाजगी ऐकणं, क्लबची शिस्त. ते सगळं मान खाली घालून ऐकत होते. मग मी म्हटलं, "आणि ती शेवटची वाक्यं मी रविवारी म्हटलीच नव्हती."

"बुधवारी म्हटली होतीत."

"मी ती खोडली होती."

"मला ठाऊक नव्हतं का? शनिवारी तीनदा ऐकलं, एकदाही नव्हती." आता त्यांनी वर पाहिलं. डोळे लाल, बारीक कामाने होतात तसे. "मला न सांगताही आलं असतं बाई. कोणाला कळलं नसतं. पण ती खोडायची नव्हती."

मी म्हटलं, तुम्ही इतकं सरळ, न अडखळता कसं म्हणालात? मला तर दोन आठवडे सराव लागला.

"सराव मलाही आहे," ते म्हणाले. "माझ्याकडेही डबा आहे. नऊ वर्षं झाली. झाकण डाग देऊन बंद केलंय."

चोख काम करतात, यात वाद नाही. मी आभार मानून आले. वाटेत चालता चालता एकदा उगीच थांबले, काहीतरी विसरल्यासारखं वाटलं. पिशवी पाहिली, छत्री होती, किल्ली होती.

३ एप्रिल, शुक्रवार

टपालात अकरा स्वाध्याय, एक शुल्कमाफीचा अर्ज. दुसरं काही नाही. इतक्या लवकर येणारही नाही; मुलाच्या घरी माणसाला आधी खोकी फोडावी लागतात, पेन शोधावं लागतं. पोस्टमनच्या सायकलची घंटा मी हल्ली कोपऱ्यावरून ओळखते. आई म्हणते, तिला ती ऐकू येत नाही, पण माझ्या खुर्चीचा आवाज येतो.

सेक्रेटरी फिरकले नाहीत. तेलाची पातळी कोणी विचारली नाही. विचारली असती तर सांगितलं असतं, ठीक आहे.

५ एप्रिल, रविवार

सवयीने दहाला बसले. अँटेना लावलेली, दोनदा तपासलेली.

त्या जागी कोणी नव्हतं. अकरा वर्षं एका आवाजाने भरलेली जागा रिकामी झाली की नुसती रिकामी राहत नाही. तिचा आकार राहतो. खरखर ऐकत बसले. दहा वाजून पाच. दहा वाजून दहा. हाक मारावी असं वाटलं, पण कोणाला? वहीत तारीख घातली आणि वाऱ्यापुढे रेघ ओढली.

सव्वादहाला कोणीतरी बटण दाबलं. शब्द नाही, आवाज नाही, नुसती लहर. खरखर अशी थांबली की खोलीत कोणी येऊन उभं राहावं. सुई शेवटच्या आकड्याला जाऊन टेकली; इतक्या जोराचा सिग्नल एक-दोन गल्ल्यांपलीकडचा असूच शकत नाही. लक्ष देऊन ऐकलं तर खोल कुठेतरी श्वास होता. एक श्वास जास्तच. मी घड्याळाकडे पाहिलं. तेवीस सेकंद. मग सुटलं, आणि पुन्हा खरखर.

माझा हात मायक्रोफोनवर होता. का होता, ठाऊक नाही.

यंत्र जुळवायचं तर डमी लोडवर जुळवावं, लोकांच्या कानात नव्हे. स्पष्ट नियम आहे. असल्या गोष्टींची तक्रार सेक्रेटरींकडे करायची असते, आणि लेखी केली तर महिना जातो. तेव्हा उद्या स्वतःच दुकानात जायचं ठरवलं आहे. आईला तसं सांगितलं.

"जा की," आई म्हणाली. "पण केस नीट विंचरून जा."

तक्रारीचा आणि केसांचा काय संबंध, हे विचारायला मी तोंड उघडलं होतं. मग विचारलं नाही.